भावाच्या गोल्फसाठी हक्कसोडपत्रावर सही करू का?

पत्र असं आहे:

"मावशी, मी ३१ वर्षांची, लग्न झालंय, कोपरखैरण्याला राहते, ऐरोलीत जॉब करते. माहेर खारघरजवळच्या गावात. आजोबांची जमीन नवी मुंबई वसवताना सिडकोत गेली, साडेबारा टक्क्यात प्लॉट आला, तो बाबांनी बिल्डरला दिला आणि दोन फ्लॅट मिळाले. एकात आईबाबा आणि माझा लहान भाऊ राहतात, दुसरा भाड्याने दिलाय. भाऊ म्हणजे आमचा बारका, २३ चा. तेरा-चौदाचा असताना खारघरच्या गोल्फ कोर्सवर कॅडी म्हणून, म्हणजे खेळणाऱ्यांच्या बॅगा उचलायला, जायला लागला, तिथेच खेळायला शिकला, आता खरंच छान खेळतो, मेंबर लोक पण म्हणतात. एसवायला कॉलेज सोडलं. यंदा त्याने क्वालिफाइंग स्कूल खेळून प्रो व्हायचं असं ठरलंय. बाबा म्हणतात एकदा टूरचं कार्ड लागलं की पोरगा सेट, तो गोल्फर जीव मिल्खा सिंग पण असाच गेला. त्यासाठी भाड्याचा फ्लॅट विकायचा आणि मी हक्कसोडपत्रावर सही करायची. मी अजून हो-नाही काहीच बोलले नाहीये तर घरात सगळे तुटक वागतायत. आई फोनवर म्हणाली, भावाच्या नशिबाआड येऊ नको. मला त्याच्या आड यायचं नाहीये मावशी, पण सही करायला हात पण होत नाही. मी स्वार्थी आहे का? — बारक्याची ताई"

नाही गं. स्वार्थी वगैरे काही नाहीस. आणि सही करू नको, हे आधीच सांगून टाकते म्हणजे खालचं सगळं तुला शांतपणे वाचता येईल. पण सही करायची नाही म्हणजे बारक्याला खेळू द्यायचं नाही असं नाहीये, आणि तुमच्या घरात नेमकी इथेच गाठ बसलीये. फ्लॅट आणि गोल्फ एकाच दोरीने बांधून ठेवलेत, त्यामुळे तू एकाला नाही म्हटलंस की दुसऱ्यालाही आपोआप नाही म्हटल्यासारखं होतं. ती गाठ आधी सोडवू.

फ्लॅटचं म्हणशील तर बाबा तुझी सही मागतायत तीच मुळी तुझा हक्क आहे म्हणून. हक्क नसता तर विचारलं पण नसतं. २००५ साली हिंदू वारसा कायदा बदलला तेव्हापासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मापासूनचा हिस्सा आहे, लग्न झालं तरी आहे, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने ते अजून पक्कं केलं. तुमच्या केसमध्ये प्लॉट कोणाच्या नावावर अलॉट झाला, बिल्डरशी करारात कोणाकोणाची नावं आहेत, आजोबांकडे जमीन कशी आली, यावर बरंच अवलंबून असतं, म्हणून पूर्ण फाइल घेऊन पनवेल किंवा बेलापूरच्या एखाद्या वकिलाकडे एकदा जाऊन बस. भावाविरुद्ध केस करायला नाही, फक्त आपल्या हातात काय आहे ते कळायला. कारण हक्कसोडपत्र एकदा रजिस्टर झालं की वर्षभराने "मला तेव्हा नीट कळलं नव्हतं" म्हणून ते सहजासहजी फिरवता येत नाही. आणि तुला वेगळं सांगायला नको, पण सांगते, साडेबारा टक्के, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात तेवढा विकसित प्लॉट परत, ही काही सिडकोने खुशीने दिलेली भेट नव्हती, १९८४ च्या जानेवारीत जासईच्या बाजूला गोळीबारात पाच माणसं गेली तेव्हा कुठे ती मागणी सरकारने मनावर घेतली. तुझ्या आजोबांच्या शेतातलं शेवटचं जे काही उरलंय ते या दोन फ्लॅटमध्ये आहे. ते विकायचं तर निदान कशासाठी विकतोय ते घरातल्या प्रत्येकाला स्वच्छ माहीत पाहिजे, आणि तुझ्या पत्रावरून मला वाटतं बाबांना ते माहीत नाहीये.

त्यांचं ते वाक्य बघ, कार्ड लागलं की सेट. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या वेळेला पोरगा तळोज्याला किंवा बेलापूर पट्टीत एखाद्या कंपनीत "लागला" म्हणजे रिटायर होईपर्यंत घोर नाही, पगार, पीएफ, दिवाळीला बोनस, सगळं आलं. त्यांनी टूर कार्ड त्याच साच्यात बसवलंय. पण टूर म्हणजे गावोगावच्या टुर्नामेंटची मालिका, आणि टूर कार्ड म्हणजे नोकरी नाही गं, ती एका सीझनपुरती तिथे खेळायची परवानगी आहे. पगार शून्य. तुमच्या खर्चाने जा, तुमच्या खर्चाने राहा, कॅडीला तुम्ही पैसे द्या, पहिले दोन दिवस खेळा, त्या दोन दिवसांत साधारण वरच्या पन्नासात आलात तर पुढचे दोन दिवस खेळायला मिळतं आणि मग बक्षिसाचा वाटा, नाहीतर शुक्रवारच्या ऐवजी बुधवारी बॅग भरून घरी, हातात काही नाही. त्याला कट म्हणतात आणि तो शब्द तुमच्या घरात बाबांना पाठ झाला पाहिजे.

मी हे घरात बघितलंय म्हणून एवढं तिडकीने लिहितेय. माझ्या बहिणीचा मुलगा, ठाण्यात पाचपाखाडीला राहणारा, त्याने भारतातल्या टूरचं क्वालिफाइंग स्कूल दिलं होतं, आणि शेवटच्या दिवशी मी त्याच्याबरोबर होते. चौथा राउंड संपवून तो स्कोअरच्या बोर्डाकडे आलाच नाही. पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीला टेकून उभा राहिला आणि बॉल ठेवायची एक लाकडी टी घेऊन सेवन आयर्नच्या, म्हणजे त्याच्या एका क्लबच्या, खाचांमधली माती काढत बसला, एकेक खाच करून खालून वर, सगळ्या साफ झाल्या तरी परत पहिल्यापासून. मी काही बोलले नाही. शेवटचा ग्रुप आत आला, कोणीतरी लांबून अंगठा दाखवला, आणि तो खाली बसला, म्हणजे सरळ डांबरावर बसला. कार्ड मिळालं होतं. ताई, म्हणजे त्याची आई, ठाण्याला पोचायच्या आत पूर्ण बिल्डिंगमध्ये पेढे वाटून झाले होते.

आणि पुढचं वर्ष आमच्या घरातलं सगळ्यात अवघड वर्ष होतं. सतरा टुर्नामेंट खेळला तो, पाचात कट मिळाला. चंदीगड, कलकत्ता, जमशेदपूर, कोइंबतूर, आसामात डिगबोईपर्यंत, गोल्फची बॅग घेऊन रेल्वेने, कारण विमानात बॅगेचे वेगळे पैसे. एका खेपेला आमच्या हिशोबाने तीस-पस्तीस हजार सहज जायचे आणि ते काटकसर करून, दोघा-तिघांत एक रूम घेऊन. ताईच्या पाटल्या गहाण गेल्या. वाईट खेळत होता का, नाही, एकदा एका शॉटने कट हुकला, एकदा दोनने, म्हणजे चांगलंच खेळत होता, पण चांगलं खेळणाऱ्याला टूर पैसे देत नाही, त्या आठवड्यात इतरांपेक्षा चांगलं खेळणाऱ्याला देते. वर्षाच्या शेवटी ऑर्डर ऑफ मेरिटमध्ये, म्हणजे कमाईच्या यादीत, ठराविक नंबराच्या वर राहिलं तरच कार्ड टिकतं. त्याचं नाही टिकलं. पुढच्या क्वालिफाइंगला तो परत रांगेत.

म्हणून सांगते, खरा खर्च कार्ड मिळवायला येतच नाही, तो कार्ड मिळाल्यावर सुरू होतो. फ्लॅट विकून क्यू स्कूल, म्हणजे तेच क्वालिफाइंग स्कूल, द्यायचं आणि पास झाला की प्रश्न मिटला असं तुमच्या घरात ठरलंय, तिथेच हिशोब चुकलाय.

क्यू स्कूल म्हणजे नक्की काय असतं ते पण बाबांना समजावून सांग, तुझ्या शब्दात. आपल्याकडे पीजीटीआय ही टूर २००६ पासून चालू आहे, २०२४ पासून कपिल देव तिचे प्रेसिडेंट आहेत, हे सांगितलंस की बाबा पुढचं ऐकतील बघ. तिथे आधी प्री-क्वालिफाइंग, त्यातून वर आलेले फायनल स्टेजला, तिथे चार राउंड म्हणजे ७२ होल, आणि वरच्या ठराविक जागांना कार्ड. त्या वर्षी किती जागा, फी किती, कुठे खेळायचं हे त्या वर्षीच्या नोटिशीत असतं, ते बारक्याने स्वतः वाचून तुम्हाला वाचून दाखवावं, मेंबर काका काय म्हणाले त्यावर जाऊ नये. बाहेर तर अजून कठीण. युरोपच्या टूरचं, जिला आता डीपी वर्ल्ड टूर म्हणतात, तिचं फायनल सहा राउंडचं, १०८ होल. अमेरिकेत १९६५ ला हे सुरू झालं, २०१२ नंतर दहा वर्षं तर तिथल्या मुख्य टूरला, म्हणजे पीजीए टूरला, क्यू स्कूलमधून थेट जाताच येत नव्हतं, आधी खालची टूर खेळून या असं होतं, आणि २०२३ ला थेट कार्ड परत सुरू केलं तेव्हा ते फक्त वरच्या पाच नंबरांसाठी. हजाराच्या घरात पोरं खेळतात आणि पाच.

आणि त्या आठवड्यात काय होईल याचा काही नेम नसतो. जो डेली म्हणून एक अमेरिकन होता, २००० सालच्या क्यू स्कूलला त्याचा एक छोटासा पुट, म्हणजे होलजवळून हळूच मारलेला शॉट, कपात पडला आणि आतल्या कडीला आपटून परत बाहेर आला. पडलेला बॉल बाहेर! शेवटी त्याचं कार्ड एका शॉटने गेलं. सहा दिवस खेळून एक शॉट. हे मी बारक्याला घाबरवायला सांगत नाहीये, त्याला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. तुला सांगतेय, म्हणजे असल्या आठवड्यावर घर लावायचं नसतं हे तुला आतून पटलं की तू घाबरत घाबरत न बोलता सरळ बोलशील.

जीव मिल्खाचं म्हणाल तर बाबांची माहिती खरी आहे पण अर्धी. तो युरोपच्या टूरवर १९९७ च्या क्वालिफाइंग स्कूलमधूनच गेला आणि १९९८ ला त्या टूरचा मेंबर झालेला पहिला भारतीय ठरला. पण त्याच्या आधी तो अमेरिकेत कॉलेजसाठी खेळून १९९३ ला एनसीएए डिव्हिजन टू, म्हणजे तिथल्या कॉलेजांच्या स्पर्धेत, चॅम्पियन झाला होता, मग आशियात टुर्नामेंट जिंकला होता. म्हणजे क्यू स्कूलला गेला तेव्हा जिंकायची सवय लागलेला माणूस होता, तिथे जाऊन कळेल आपण किती पाण्यात आहोत अशी गोष्ट नव्हती. आणि घरात वडील खुद्द धावपटू मिल्खा सिंग. बारक्याकडे ते नाही म्हणून तो कमी असं अजिबात नाही हं. दिल्ली गोल्फ क्लबचा अली शेर कॅडी होता, त्याने १९९१ ला इंडियन ओपन जिंकली आणि १९९३ ला परत जिंकली. कॅडीची पोरं आपल्या गोल्फच्या इतिहासात पार वरपर्यंत गेलीत, त्यामुळे कोणी तुमच्या घरात "आपलं काम नाही ते" म्हणत असेल तर ते तिथल्या तिथे थांबव.

आता बारका खरंच त्या लेव्हलला आहे का हे कसं कळणार, कारण सगळं त्यावर आहे आणि तुझ्या पत्रात फक्त "छान खेळतो, मेंबर म्हणतात" एवढंच आहे. खारघरचं कोर्स त्याला दहा वर्षांत पाठ झालंय. कुठल्या ग्रीनवर बॉल दिसतो सरळ पण वळतो पांडवकडा धबधब्याच्या उलट्या बाजूला, पावसाळ्यानंतर कुठे बॉल रुतून बसतो, संध्याकाळी वारा कुठून येतो, हे त्याला डोळे मिटून सांगता येईल. तिथे ७० मारणं आणि दुसऱ्या गावात, आदल्या दिवशी पहिल्यांदा बघितलेल्या कोर्सवर, हातात स्कोअरकार्ड आणि पोटात गोळा घेऊन ७० मारणं यात फार फार अंतर आहे. त्यामुळे त्याला एकच काम सांग. घराबाहेरच्या कोर्सवर, टुर्नामेंटमध्ये खेळलेल्या शेवटच्या दहा राउंडचे स्कोअर एका कागदावर लिहून आण म्हणावं, चांगले-वाईट सगळे, तारखेसकट. तुला गोल्फ कळत नसेल तरी तो कागद कळेल. गोल्फमध्ये जितके कमी शॉट तितकं चांगलं, पण त्यात सगळ्यात कमी आकडा बघू नको, सगळ्यात मोठा बघ. क्वालिफाइंगमध्ये पोरं आपल्या चांगल्या दिवसाने वर जात नाहीत, वाईट दिवसाने खाली येतात. ज्याचा वाईट दिवस ७४ आहे तो रांगेत उभा राहू शकतो, ज्याचा वाईट दिवस ८१ आहे त्याने अजून एक वर्ष थांबलेलं बरं, भले त्याचा चांगला दिवस ६७ का असेना. आणि असे दहा राउंड झालेलेच नसतील तर तुझं उत्तर तिथेच मिळालं, आधी ते दहा राउंड खेळायचे. त्याला फ्लॅट लागत नाही.

त्यासाठी प्रो व्हायची पण घाई नको. इंडियन गोल्फ युनियनच्या अमॅच्युअर टुर्नामेंट आहेत, तिथे पूर्ण देशातली पोरं येतात, आपण कुठे उभे आहोत ते चार दिवसांत कळतं. क्यू स्कूलला अमॅच्युअर पोरंही उतरतात, म्हणजे आधी प्रो जाहीर करून मग नशीब आजमावायचं असं काही नाही. एकदा प्रो म्हणून बक्षिसाचे पैसे घेतले की परत अमॅच्युअर व्हायला अर्ज करा, थांबा, हे सगळं मागे लागतं. ही पायरी शेवटी चढायची.

पैशाचं माझं म्हणणं असं आहे, तुला पटतं का बघ. एका क्यू स्कूलचा खर्च वेगळा काढा, फी, जाणं-येणं, राहणं, आधी तीन-चार दिवस जाऊन प्रॅक्टिस राउंड, कॅडी, बॉल-ग्लोव्ह. तो आकडा बारक्याने काढायचा, बाबांनी नाही. त्यातला तुला झेपेल तेवढा भाग तू दे, आणि उधार म्हणून देऊ नको, दिला म्हणून दे, परत आला नाही तरी तुझ्या घरी नवऱ्याला तोंड द्यायला लागणार नाही एवढाच दे. नवऱ्याला आधी सांगून दे हे वेगळं सांगायला नको. आणि फ्लॅट विकायच्या ऐवजी फ्लॅटचं भाडं वापरा की! त्या भाड्यावर आईबाबांचं घर चालतं का हे तू लिहिलं नाहीस, चालत असेल तर नाही, पण बाबांच्या पेन्शनवर आणि साठवलेल्यावर भागत असेल तर एक वर्षाचं भाडं सगळ्यांच्या संमतीने बारक्याच्या गोल्फला द्या, त्यात तुझ्या हिश्श्याचं पण आलं. फ्लॅट जागेवर राहील आणि पोरगा खेळेल. बाराव्या महिन्याला बसून परत ठरवा. हे तू घरात मांडलंस ना, तर भावाच्या आड कोण येतंय हे बोलायला कोणाला जागाच राहणार नाही, कारण तुझा वाटा तू देतेयस, फक्त मूळ तोडू देत नाहीयेस.

कार्ड मिळालंच तर पुढचं वर्ष कसं काढायचं ते आत्तापासून बोलून ठेवा. क्लबचे मेंबर मिळून एखाद्या कॅडीच्या पोराला स्पॉन्सर करतात, आपल्याकडे हे बऱ्याच कोर्सवर झालंय, पण तोंडी "बघू रे तुझं" याला काही अर्थ नाही, किती देणार, कधी देणार, कमाईतला किती टक्के परत घेणार, हे एका कागदावर आणायचं. माझ्या भाच्याला एकाने तोंडी शब्द दिला होता आणि सीझनच्या मध्यावर फोन उचलणं बंद केलं, त्या महिन्यात आमच्याकडे काय झालं ते आठवलं तरी अजून पोटात कालवतं. दुसरं म्हणजे नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडियाचे कोचिंगचे कोर्स आहेत, बारक्याने त्याची पहिली पायरी करून ठेवावी. खेळणं सोडून नाही, खेळत खेळत. शनिवार-रविवार प्रॅक्टिसच्या रेंजवर लहान मुलांना शिकवलं तरी पुढच्या टुर्नामेंटचं तिकीट निघतं आणि मुख्य म्हणजे सहा फुटाचा पुट मारताना डोक्यात घरभाडं नसतं. माझा भाचा आता तेच करतो, शिकवतो आणि खेळतो, आणि मला मनापासून वाटतं की हे त्याने पहिल्याच वर्षी केलं असतं तर त्याचं कार्ड टिकलं असतं.

बक्षिसाचा आकडा पण घरात सांगून ठेव, कारण पेपरात फक्त पहिल्याचा येतो. एक कोटीची टुर्नामेंट असेल तर जिंकणाऱ्याला १५ लाख, ऐकायला छान वाटतं, पण कट गाठून खालच्या बाजूला राहिलेल्याला लाखाच्या बरंच खाली मिळतं, आणि त्यातून कॅडी, प्रवास, टॅक्स.

२३ वय म्हणजे उशीर झालाय, यंदा नाही तर कधीच नाही, असं जर कोणी घरात म्हणत असेल, आणि मला वाटतं म्हणत असणार, नाहीतर फ्लॅट विकायची एवढी घाई कशाला, तर त्यांना मध्य प्रदेशातल्या महूच्या मुकेश कुमारचं सांग. २०१६ ला त्याने पॅनासोनिक ओपन इंडिया जिंकली तेव्हा तो ५१ वर्षांचा होता, एशियन टूरवर एवढ्या वयात कोणीच जिंकलं नव्हतं. त्याच महूचा ओमप्रकाश चौहान २०२३ ला पीजीटीआयच्या ऑर्डर ऑफ मेरिटमध्ये पहिला आला आणि त्याला त्यावरच डीपी वर्ल्ड टूरचं कार्ड मिळालं, क्यू स्कूल न देता. आणि अर्जुन अटवाल! २००३ च्या क्यू स्कूलमधून पीजीए टूरचं कार्ड मिळवणारा पहिला भारतीय, २०१० ला दुखापतीनंतर त्याचं कार्ड गेलं, आणि कार्ड नसताना त्याने विंडहॅम चॅम्पियनशिपचं सोमवारचं क्वालिफाइंग दिलं, त्यातून आत शिरला आणि रविवारी ती टुर्नामेंटच जिंकला. असं तिथे चोवीस वर्षांनी झालं होतं. आत जायला एकच दार नाही आणि ते एकदाच उघडतं असंही नाही, म्हणजे यंदाच्या एका आठवड्यासाठी सगळं विकून मोकळं व्हायचं काहीच कारण नाही.

आता बाबांशी कसं बोलायचं. फोनवर नको, जेवताना तर अजिबात नको. सकाळी जा, बाबा एकटे असताना, आणि पहिल्या वाक्यात सांगून टाक, "बाबा मी सही करणार नाही, पण बारक्याच्या या वर्षाच्या खर्चात माझा हिस्सा आहे, आणि तो एवढा आहे," आणि आकडा सांग. आकडा ठरवूनच जा. बाबा चिडतील. आई रडेल कदाचित. तू समजावत बसू नको, कायदा काढू नको, वकिलाकडे गेले होते ते तर मुळीच नको, चहा पी आणि ये. चार दिवस जाऊ देत. आकडा मनात राहतो माणसाच्या.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट कर. मी तुझं पत्र तीनदा वाचलं. त्यात बाबा काय म्हणतात ते आहे, आई काय म्हणाली ते आहे, मेंबर काय म्हणतात ते पण आहे. बारक्याचं एक वाक्य नाहीये. फ्लॅट विकायला तो तयार आहे का? त्याने मागितलाय का? "ठरलंय" असं तू लिहिलंयस, कोणी ठरवलं ते लिहिलं नाहीस. माझा भाचा कार्ड गेल्यावर पहिल्यांदा काय बोलला माहितीये, "मावशी, आईच्या पाटल्या गहाण आहेत हे मला प्रत्येक पुटला दिसायचं." आम्ही सगळे त्याच्यासाठी करत होतो आणि ते ओझं त्याच्याच बॅगेत टाकत होतो, आणि हे त्याला वर्षभर कोणी विचारलं नाही. मी पण नाही विचारलं.

म्हणून या रविवारी खारघरला जा. त्याच्याबरोबर कोर्सवर जाता येईल का ते आधी विचारून घे, आणि सकाळी पहिल्या वेळेला त्याची बॅग तू उचल. आपली गोल्फर अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकला चौथी आली तेव्हा तिची बॅग तिची आई उचलून चालत होती, तू बारक्याची नऊ होल उचललीस तर काही बिघडत नाही. जड असते, पट्टा दोन्ही खांद्यांवर घे. मोबाईल सायलेंटवर ठेव, सपाट तळव्याचे बूट घाल, तो पुट मारत असेल तेव्हा त्याच्या लाईनच्या मागे किंवा समोर उभी राहू नको, बाजूला उभी राहा आणि सावली त्याच्या बॉलवर पडत नाही ना बघ. पहिले तीन-चार होल काही विचारू नको. मग चालता चालता विचार की तुला फ्लॅट विकायला हवाय का रे. तो काय म्हणतो ते पूर्ण ऐक, मध्ये बोलू नको, आणि मग मला लिही.